खेळातलं गणित वहीत आणताना

(डोंबिवलीत पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आत येताना दाराशी एका आजोबांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाई, खेळातून गणित म्हणजे काय हो? आमच्या वेळेला ते छडीतून यायचं." (हशा) मी म्हटलं, बसा आत, तासाभराने तुम्हीच मला सांगा.

डोंबिवलीत बोलायचं आहे, तर सुरुवात डोंबिवली स्टेशनापासूनच करू. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. जन्म १९०५चा, डहाणूचा. माध्यमिक शाळा ठाण्यात, पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, आणि मग निवृत्तीपर्यंत देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. पण त्यांच्या आणखी एका शोधाला 'डेम्लो संख्या' म्हणतात, आणि हे डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. ज्या स्टेशनात कल्पना सुचली, त्याचंच नाव त्यांनी संख्यांना देऊन टाकलं. रोज ज्या फलाटावर आपण फक्त घड्याळाकडे बघतो, तिथे या माणसाला संख्या दिसल्या!

त्यातल्या सगळ्यात देखण्या संख्या अशा. ११ गुणिले ११ किती? १२१. १११ गुणिले १११? १२३२१. ११११ गुणिले ११११? १२३४३२१. वहीत हा गुणाकार मांडून बघा. एकांच्या ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभे रकाने मोजले की १, २, ३, २, १. हातचा कुठेच नाही. नऊ एकांपर्यंत हा डोलारा टिकतो. दहावा एक आला की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा घ्यावा लागतो आणि डोलारा मोडतो. पाचवीच्या मुलांना मी हे अर्धंच सांगते, "कुठे मोडतो ते तुम्ही शोधा." मग ती स्वतःहून एवढाले गुणाकार करत बसतात. तेच गृहपाठाला दिले असते तर घरोघरी रडारड झाली असती.

कापरेकर खेळत होते, हे खरंच. पण ते हातात पेन्सिल घेऊन खेळत होते. हे एवढं आत्ता लक्षात ठेवा, मी शेवटाकडे त्याच्यावर परत येणार आहे.

आता, खेळ कशाला म्हणायचं? मोबाइलवर गणिताचे ढीगभर खेळ आहेत. सात आठी किती, छप्पन्न लिहिलं की रॉकेट उडतं. चुकलं की रॉकेट पडतं. मुलाला रॉकेट हवं असतं, छप्पन्नशी त्याचं काही देणंघेणं नसतं. याला मी टोलनाका म्हणते. आधी टोल भरा, मग पुढे मजा. टोल भरायची गोडी कुणाला लागली आहे का आजवर? (हशा) उलट बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो हा टोल नाही, तोच खेळ आहे. तसं ज्या खेळात गुणाकार हीच चाल असते, उत्तर मुलाला स्वतःच्या कामासाठी लागतं, तो आपल्या उपयोगाचा खेळ.

पत्त्यांपासून सुरू करू. भिकार-सावकार सगळ्यांना येतो ना? त्यातच थोडा फरक करायचा. गुलाम, राणी, राजा बाजूला काढा. एक्का म्हणजे एक. दोघांनी पत्ते वाटून घ्यायचे, प्रत्येकाने एकाच वेळी दोन-दोन पत्ते उघडायचे, आपापल्या पत्त्यांचा गुणाकार करायचा, मोठा येईल त्याने चारही पत्ते उचलायचे. एवढंच. पण गंमत बघा. एकाकडे ७ आणि ८ आले, दुसऱ्याकडे ६ आणि ९. दोघांची बेरीज पंधराच. कोण जिंकलं? मुलं आधी म्हणतात, नवाच्या पत्त्याने जिंकलं. मग सहा नवे चोपन्न, सात आठी छप्पन्न. पुढच्या वेळी ५ आणि १० येतात, तेही पंधराच, पण गुणाकार पन्नास. दोन-तीन शनिवारांनी कुणीतरी म्हणतंच, "बाई, पत्ते जवळजवळचे असले की जास्त येतं." बीजगणितात ही गोष्ट पुढे भेटते. इथे ती भिकार-सावकारात भेटली.

या खेळात माझ्याकडून एक घोडचूक झाली होती, ती सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळ जण आज घरी जाऊन तीच करणार आहेत. सुरुवातीला मी नियम ठेवला होता की जो गुणाकार आधी ओरडेल त्याला पत्ते. खोलीत नुसता गोंगाट. मला वाटलं, वा, किती रंगलाय खेळ! महिन्याभराने पाहिलं तर तीच चार मुलं जिंकत होती. आणि चौथीतली एक मुलगी, तिच्या आजीने मला जिन्यात गाठून सांगितलं, "दर शनिवारी हिच्या पोटात दुखतं हो." पोटात दुखत नव्हतं. तिला सात आठी येत होतं, पण ते आठवेपर्यंत समोरच्याने पत्ते उचललेले असायचे. चार शनिवार असे गेले, आणि आपल्याला गणित येत नाही असं तिने ठरवून टाकलं. खेळ मी आणला होता आणि छडीचं काम त्यानेच केलं. आजोबा, ऐकताय ना?

तेव्हापासून घड्याळ बंद. ओरडणं बंद. दोघांनी आपापली उत्तरं शांतपणे सांगायची, समोरच्याने ती तपासायची, आणि शंका आली तर दोघांनी मिळून कागदावर करून बघायचं. पत्ते कुणाला कसे येतील हे नशिबावर, त्यामुळे कच्चं मूलही कधीकधी जिंकतं. हे नशीब खेळात असायलाच हवं. नुसत्या हुशारीचा खेळ असला की तिसऱ्या डावाला हरणारं मूल पाणी प्यायला जातं आणि परत येत नाही.

माझा सगळ्यात आवडता गुणाकाराचा खेळ छत्तीस घरांचा. एका ते नऊ पाढ्यांचा तक्ता घेतला तर त्यात एक्क्याऐंशी उत्तरं असतात. पण त्यातल्या वेगवेगळ्या संख्या किती? मोजा कधीतरी. फक्त ३६. बाकी सगळ्या पुन्हा पुन्हा येतात. पाढे पाठ करताना डोंगर वाटतो तो प्रत्यक्षात निम्म्याहून कमी आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

तर सहा बाय सहाचा चौकोन आखायचा आणि त्यात या ३६ संख्या क्रमाने लिहायच्या: १ पासून १० पर्यंत सगळ्या, मग १२, १४, १५, १६, १८, असं करत शेवटी ६४, ७२, ८१. खाली एका पट्टीवर १ ते ९ आकडे. पट्टीवर ठेवायला दोन बटणं किंवा दोन नाणी. चौकोनात खुणा करायला एकाचे चिंचोके, दुसऱ्याचे हरभरे. पहिला खेळाडू एक नाणं पट्टीवर ठेवतो, समजा ६ वर. दुसरा आपलं नाणं ठेवतो, समजा ७ वर, आणि ४२ च्या घरात चिंचोका ठेवतो. आता पहिल्याने दोनपैकी एकच नाणं हलवायचं. ७ वरचं हलवून ४ वर नेलं तर ६ चोक २४, तिथे त्याचा हरभरा. दोन्ही नाणी एकाच आकड्यावर ठेवली तरी चालतात. ज्याची ओळीत चार घरं आधी होतील, आडवी, उभी किंवा तिरकी, तो जिंकला.

यात काय होतं? पाढे म्हणताना मूल प्रश्नाकडून उत्तराकडे जातं, सहा साती किती. इथे त्याला ४२ हवा असतो, आणि ते विचारतं, बेचाळीस कशाने येतो? सहा आणि सात. पण पट्टीवर तर एक नाणं ५ वर आहे आणि दुसरं ८ वर. एका चालीत जमणार नाही. मग आत्ता एक नाणं ६ वर नेऊन ठेवावं का? पण तसं केलं तर समोरचाच ४२ घेईल! हा सगळा विचार भागाकाराचा आहे, अवयवांचा आहे. आणि तो मुलगा तो नाक्यावरच्या पोरासारखा डोळे बारीक करून करत असतो. थोड्या दिवसांनी काही मुलं ४९, ६४, ८१ यांना 'अवघड घरं' म्हणायला लागली. का? तर तिथे पोचायला एकच वाट आहे, दोन्ही नाणी एकाच आकड्यावर. २४ ला दोन वाटा, तीन आठी आणि चार सक. एका मुलाने तर विचारलं, "बाई, यात ११ का नाही? १३ का नाही?" मूळ संख्या हा धडा शाळेत यायला अजून अवकाश होता.

तिसरा खेळ फटकन सांगते. चौकटीची वही आणि दोन फासे. फाशांवर ३ आणि ६ पडले की वहीत ३ बाय ६ चा आयत काढायचा, आत १८ लिहायचं. आळीपाळीने एकाच पानावर दोघांचे रंगीत आयत. पान भरत आलं की जागा पुरत नाही, मग आम्ही मुभा देतो: आयत तोडून ठेवा. ३ बाय ४ इथे आणि ३ बाय २ तिथे. सात आठी विसरलं तर पाच आठी चाळीस आणि दोन आठी सोळा, मिळून छप्पन्न, ही युक्ती ज्या मुलाने कागदावर आयत तोडलाय त्याला सांगावी लागत नाही.

मग पाढे पाठ करायचे की नाही? हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच सांगते. करायचे. बे एके बेचा तो ताल आपल्या भाषेची मिळकत आहे, ती उगाच फेकून देऊ नये. पाठ असलं की डोकं मोकळं राहतं. माझं म्हणणं इतकंच की पाठ केलेलं विसरलं तर ते पुन्हा उभं करता आलं पाहिजे. आणि जाता जाता, मूल छप्पन्नऐवजी ६५ लिहितं तेव्हा लगेच लाल फुली मारू नका. मराठीत आपण सहा आधी बोलतो आणि पन्नास नंतर. लिहिताना उलट. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं पटो न पटो, दुखणं त्यांनी बरोबर दाखवलं होतं. ६५ लिहिणाऱ्या मुलाचा गुणाकार कदाचित बरोबर असतो, लिहिताना आकड्यांची जागा बदललेली असते. त्याला तोंडी विचारा.

आता अपूर्णांक. इथे मला जरा सावकाश जायचंय.

तुमच्यातल्या ज्येष्ठांनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हटली असेल. औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, आजच्या मुलांना हा शब्दही माहीत नाही. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. हे अपूर्णांकांचे पाढे होते, आणि शाळेने ते हौसेखातर शिकवले नव्हते. रुपयाचे सोळा आणे होते. चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. दुकानात पावशेर, अदपाव, छटाक. म्हणजे पाव, निम्मा, अष्टमांश, सोळावा भाग, हे सगळं मुलाच्या खिशात आणि पिशवीत रोज होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-ग्रॅम आले. हिशेब सोपे झाले, चांगलंच झालं. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. मुलांच्या रोजच्या जगातून अपूर्णांक निघून गेला. तो आता एकदम धड्यात भेटतो, एकावर एक लिहिलेले दोन आकडे आणि मध्ये रेघ.

उरलाय कुठे? पाव किलो भेंडीत. आणि घड्याळात. पण घड्याळही आता आकड्यांचं, आणि आपल्याकडे इंग्रजी माध्यमातली कितीतरी मुलं 'पावणेतीन' म्हटलं की आईच्या तोंडाकडे बघतात. त्यांना टू फॉर्टी-फाइव्ह कळतं. टू फॉर्टी-फाइव्हमध्ये पाव कुठे दिसतो सांगा! पावणेतीनमध्ये तो शब्दातच आहे: तीनला पाव कमी. माध्यम कोणतंही असू दे, घरात सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द रोज वापरत राहा. त्याला पैसे पडत नाहीत.

मुलांची मुख्य अडचण कोणती? त्यांना दोन आकडे दिसतात, एक संख्या दिसत नाही. म्हणून १/८ मोठा, १/४ लहान, कारण आठ मोठा. आणि म्हणून १/२ अधिक १/८ बरोबर २/१०. वरचे वर, खालचे खाली. मुलाच्या डोक्याने हे अगदी शहाण्यासारखंच केलेलं असतं, कारण इतकी वर्षं त्याला आपण हेच शिकवलं.

यावर पट्ट्यांचा खेळ. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापा. चोवीसच का? निम्मे १२, पाव ६, आठवा भाग ३, आणि पुढे तिसरा भाग ८, सहावा ४. सगळं पट्टीने मोजता येतं. एक पट्टी अख्खी ठेवा, बाकीच्यांचे निम्मे, पाव आणि आठवे भाग कापून त्यांवर लिहून ठेवा. फाशाच्या सहा बाजूंवर कागद चिकटवून लिहा: एकदा १/२, दोनदा १/४, तीनदा १/८. फासा टाकायचा, जो भाग पडेल तो अख्ख्या पट्टीवर ठेवायचा. ज्याची पट्टी आधी पुरती झाकली जाईल तो जिंकला. पण शेवटचा तुकडा नेमका बसला पाहिजे, बाहेर गेला तर पाळी गेली.

पाचवीतल्या एका मुलाची गंमत सांगते. त्याला १/८ हवा असायचा. "आठ पडू दे, आठ पडू दे" करत फासा टाकायचा. आठ पडला, त्याने तुकडा उचलला, पट्टीवर ठेवला, आणि हे एवढंसं? असा चेहरा केला. मी काही बोलले नाही. चौथ्या पाळीला तोच म्हणाला, "नको रे आठ, दोन पडू दे." खाली आकडा मोठा म्हणजे तुकडे जास्त, तुकडे जास्त म्हणजे तुकडा लहान. आपल्याकडे त्या खालच्या आकड्याला 'छेद' म्हणतात, किती चांगला शब्द आहे! किती भागांत कापलं ते सांगणारा.

झाकायचा खेळ दोन-तीन दिवस झाला की उलटा खेळ. पट्टीवर आधीच दोन निम्मे तुकडे ठेवलेले. फाशात जे पडेल तेवढं काढून टाकायचं, ज्याची पट्टी आधी मोकळी तो जिंकला. पहिलाच फासा पडतो १/८. आता काढणार काय? पट्टीवर तर निम्मेच आहेत. मुलं थांबतात. मग रिक्षाचा आणि बसचा अनुभव कामाला येतो. एखादी मुलगी म्हणतेच, "सुट्टे द्या ना!" निम्म्याचे सुट्टे करायचे: एक १/२ देऊन चार १/८ घ्यायचे, त्यातला एक काढायचा. शाळा याला सममूल्य अपूर्णांक म्हणते. नाव भारदस्त आहे, गोष्ट सुट्ट्या पैशांचीच आहे. शंभराची नोट आणि दहाच्या दहा नोटा, किंमत तीच. आणि एकदा का हे बसलं की १/२ अधिक १/८ करताना मूल स्वतः म्हणतं, निम्म्याचे सुट्टे करावे लागतील. चार अष्टमांश आणि एक, पाच अष्टमांश. समच्छेद करणे म्हणजे काय ते झालंच. २/१० लिहिलेलं असेल तर मी फुली मारत नाही, पट्टीवर दाखव म्हणते. २/१० म्हणजे पाचवा हिस्सा. निम्म्यात भर घातली आणि उत्तर निम्म्याहून कमी? मूलच खोडरबर शोधतं.

आणि अपूर्णांकाचा आपला सगळ्यात अस्सल खेळ तर रोज सकाळी कल्याणहून सुटतो. (हशा) चौथी सीट! तिघांच्या बाकावर चौघं. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला किती जागा? तीन जागा, चार माणसं, म्हणजे पाऊण. आता एका मुलाने हात वर करून सांगितलं होतं, "बाई, चौथ्याला पाऊण नाही मिळत, पावच मिळते." बरोबर आहे त्याचं. मग तो अपूर्णांक नाही, अन्याय आहे! सारखी वाटणी ही अट आहे, हे त्या दिवशी कुणाला समजावून द्यावं लागलं नाही.

वर्गात आम्ही खुर्च्या न लावता जमिनीवर खडूने बाकं आखतो. एका बाकावर तीन जागांत चौघं, दुसऱ्यावर चार जागांत पाच जण. जास्त ऐसपैस कुठे? म्हणजे ३/४ मोठा की ४/५? मोठी माणसं लगेच समच्छेद करायला जातात. मुलं म्हणतात, पहिल्या बाकावर प्रत्येकाचा पाव भाग गेलाय, दुसऱ्यावर पाचवा भाग गेलाय. पाचवा भाग लहान, म्हणजे दुसऱ्या बाकावर कमी गेलं, तिथे ऐसपैस. बिनतोड! वाटपाच्या अशा प्रसंगांतून अपूर्णांक शिकवण्यावर आपल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात काम झालेलं आहे, नेदरलँड्समध्ये त्याच्याही आधी झालं. आमच्याकडची भर म्हणजे फक्त लोकल. गाडीच्याच गोष्टी निघाल्यात तर, बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली म्हणजे कितीपट झाली? सव्वापट. बघा, सवायकी अजून उपयोगी पडते.

आता ते कापरेकरांच्या पेन्सिलीचं.

२०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दिल्लीतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी, सोबत 'प्रथम' ही संस्था. २१४ बालवाड्या, दीड हजारावर मुलं. काही मुलांना संख्या आणि आकार यांचे खेळ दिले, छान आखलेले. मुलं आवडीने खेळली. एक वर्ष उलटून गेल्यावरही त्यांची संख्यांची अंदाजाची समज इतरांपेक्षा सरस होती. पण शाळेतल्या लेखी गणितात? काही फरक नाही. इतर मुलांइतकंच. माझ्यासारखीला हे वाचून धक्काच बसला होता, मी तर खेळांची प्रचारक! २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये दुसरा अभ्यास आला, दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचा. गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब ती तोंडी बिनचूक करतात, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर दिलं की अडखळतात. आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. कल्याणच्या मंडईत आईशेजारी बसलेला मुलगा "पाव किलो आणि वर शंभर ग्रॅम" चुटकीसरशी सांगतो आणि वर्गात शून्य मार्क आणतो, हे तुम्ही-आम्ही पाहिलेलं आहेच.

म्हणजे खेळातलं गणित आपोआप वहीत उतरत नाही. त्याला हाताला धरून आणावं लागतं. कापरेकरांना ते वेगळं आणावं लागलं नाही, कारण त्यांचा खेळच कागदावर होता. आपण खेळ संपला की सोंगट्या डब्यात भरतो आणि "चला, आता अभ्यास" म्हणतो. तिथेच सगळं सांडतं.

मी काय करते ते सांगते. प्रत्येक खेळात कुणीतरी 'कारकून' असतो. दर चाल त्याने चिन्हांत लिहायची. पत्त्यांमध्ये ७ × ८ > ६ × ९. पट्ट्यांमध्ये १/२ = ४/८, ४/८ − १/८ = ३/८. कारकून आळीपाळीने बदलतो. समोरचे दोघे त्याच्यावर लक्ष ठेवून असतात, कारण लिहिण्यात चूक म्हणजे डाव गेला. आणि शेवटची दहा मिनिटं खेळ थांबवून फक्त बोलायचं. "आज कुणाला काय दिसलं?" यात मी उत्तर सांगत नाही, दुसऱ्या मुलाला विचारते, तुला पटलं का. ही दहा मिनिटं वेळ नाही म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. त्यापेक्षा खेळ दहा मिनिटं कमी खेळा. दुसऱ्या दिवशी वहीत तीच गणितं, तेच आकडे, पण पट्ट्या डब्यात. कुणी अडलं तर डबा उघडायची परवानगी. डबा उघडायचं हळूहळू कमी होत जातं. त्या पोटात दुखणाऱ्या मुलीने तर कारकुनी स्वतःहून मागून घेतली होती, पत्ते खेळायला ती कितीतरी उशिरा आली. तिला आधी लिहून बघायचं होतं.

प्रश्न असतील तर घेते.

(प्रश्न: वर्गात साठ मुलं असतात, त्यांना असे खेळ कसे खेळवणार?)

खरी अडचण आहे, मी ती कमी लेखत नाही. साठ मुलांत एकदम नवा खेळ आणलात तर बाजार होतो. मी आधी सहा मुलांना मधल्या सुट्टीत शिकवते. ती सहा जण पुढे सहा गटांत जातात. एक आठवडा एकच खेळ, रोज नवा नाही. आणि छत्तीस घरांचा खेळ अख्ख्या वर्गाला फळ्यावरही खेळता येतो, डावी बाजू विरुद्ध उजवी बाजू. चाल ठरवायला प्रत्येक बाजूला एक मिनिट, आणि चाल सांगणारा दर वेळी नवा.

(प्रश्न: घरी आम्हाला अर्धा ताससुद्धा मिळत नाही. दोघंही साडेआठला घरी येतो.)

मग अर्धा तास नकोच. पत्त्यांचे पाच डाव दहा मिनिटांत होतात. जेवण झाल्यावर खेळा, गृहपाठाच्या टेबलाशी नको. मुद्दाम हरू नका, मुलांना ते कळतं. पण तुमचा गुणाकार मोठ्याने करा आणि मधूनच खरोखर अडखळा. सात आठी आपणही विसरतो. कसं आठवलंत ते बोलून दाखवा. आणि पोळी वाढताना एकदा विचारा, तीन पोळ्या, आपण चौघं, किती किती? घरात तिघंच असाल तर आजीला बोलवा. (हशा)

(प्रश्न: पट्ट्या बाजारात तयार मिळतात का?)

मिळतात, प्लास्टिकच्या, रंगीत. घेऊ नका असं नाही म्हणणार. पण पुठ्ठ्याची पट्टी मुलाने स्वतः मधोमध दुमडली, पुन्हा दुमडली, पुन्हा दुमडली, की आठ भाग होतात, सहा होत नाहीत. तीन भाग करायला गेलं की दुमडून जमत नाही, मोजावं लागतं. आमच्याकडे एकाने चिडून विचारलं होतं, तीनच का अडतो? पुढचे दोन शनिवार आम्ही तेच करत होतो.